सदऱ्याच्या आतला स्वेटर

मचाणावर चढल्यावर पहिला अर्धा तास थंडी वाजत नाही. गावातून शेतापर्यंत दोन किलोमीटर चालत आलेलं अंग तापलेलं असतं, शिडी चढताना श्वास थोडा फुललेला असतो. मग पाठीवरचा घाम गार पडू लागतो. आधी कमरेच्या वर, कण्यालगत एक ओली बोटभर रेघ. मग ती रेघ खांद्यापर्यंत चढते. डिसेंबरातल्या त्या रात्री अकराच्या सुमारास कारंजा लाडजवळच्या एका हरभऱ्याच्या शेतात मी या रेघेशी झगडत बसलो होतो. माझ्याकडे न बघता शेजारी बसलेले शेतकरी काकाजी म्हणाले, "आतली बनियान ओली झाली न भाऊ? आता वरून किती बी घाला, हिव जात नाई."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. माझ्या अंगावर सुती बनियान, सुती शर्ट, त्यावर फ्लीसचं निळं जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारं नायलॉनचं जर्किन होतं. हे सगळं घालूनच मी चालत आलो होतो. काकाजी मात्र एका सदऱ्यावर आले होते. त्यांची घोंगडी घडी करून खांद्यावर होती. मचाणावर पोचल्यावर त्यांनी दहा मिनिटं नुसतं बसून अंग निवू दिलं आणि मग घोंगडी पांघरली. मी निरीक्षणाच्या नादाने रानात हिंडायला लागून वीस वर्षं झाली. एवढी साधी गोष्ट मला तोवर कुणी करून दाखवली नव्हती.

कारंज्याला मी गेलो होतो तो कपड्यांच्याच शोधात. थंड मुलखात शिकारीला जाणारे लोक पोशाखाचे तीन थर मानतात. अंगाला चिकटून घाम शोषून घेणारा पहिला, ऊब धरणारा मधला, वारा-पाऊस अडवणारा बाहेरचा. त्यातला मधला निवडणं सर्वांत अवघड, कारण शिकाऱ्याला दोन उलट कामं करावी लागतात. तो आधी खूप चालतो आणि मग तासन् तास हलत नाही. चालताना त्याला ऊब नको असते, बसल्यावर तिच्याशिवाय निभत नाही. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कायदेशीर शिकार संपत गेली आणि ते योग्यच झालं, असं मी मनापासून मानतो. पण खूप चालायचं, मग न हलता, न बोलता, थंडीत डोळे उघडे ठेवून बसायचं, हे शिकाऱ्याचं काम वऱ्हाडात आजही रोज रात्री चालतं. ही पिकाची राखण, तिला जागल म्हणतात. आणि ज्यांच्या पिढ्या शिकारीवर जगल्या ते फासेपारधीही याच मुलखातले. मधल्या थराबद्दल विचारायचं तर या दोघांना विचारावं, असं मला वाटलं.

मूर्तिजापूरला पहाटे रेल्वेतून उतरलो. इथूनच यवतमाळला जाणारी शकुंतला ही अरुंद मापाची गाडी सुटायची, कारंजा आणि दारव्हा घेत. 113 किलोमीटरचा तो मार्ग इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं आणि पुढे गाडीच थांबली. मी एसटी धरली. तीस-पस्तीस किलोमीटरच्या त्या वाटेवर दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली कपाशी होती, काळपट पऱ्हाट्या आणि त्यांना कुठे कुठे लोंबणारा कवडी कापूस. तुरी शेंगांवर आल्या होत्या. खिडकीची काच बंद होत नव्हती, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून सदऱ्याच्या आत छातीवर सरकवली. आमच्याकडे दुचाकीवाले हेच करतात. कागद स्वतः उबदार नसतो. तो वारा अडवतो आणि पदरांमधली हवा जागेवर धरून ठेवतो. उबेचं सगळं शास्त्र एवढंच आहे. कापूस असो, लोकर असो, पिसं असोत, अंगाला ऊब देते ती त्यांच्यात अडकून पडलेली स्थिर हवा.

कारंजा जुनं व्यापारी गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, या वेशींच्या नावांवरूनच कळतं की इथून कुठे कुठे माल जात होता. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात बाराही महिने भाविक असतात, आणि जैनांच्या जुन्या मंदिरांतली इथली हस्तलिखितं अभ्यासकांना माहीत आहेत. अपभ्रंश भाषेतले ग्रंथ त्यातूनच संपादित होऊन बाहेर आले. गावात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात. बाहेरगावच्या व्यापाऱ्याची उंटांवर लादलेली सगळी कस्तुरी इथल्या एका सावकाराने विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यामातीत कालवली, अशी ती आख्यायिका. ऐकताना मला वास आठवला नाही. हिमालयातल्या बर्फात कस्तुरीमृगाच्या वाटेवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला. त्याने काय पांघरलं असेल?

बाजारात पिंजाऱ्याच्या दुकानापुढे कापसाचा ढीग होता. हिवाळ्याच्या तोंडाला इथे गाद्या-रजया उसवून कापूस पुन्हा पिंजून घेतात, कारण वर्षभर दबलेल्या कापसात हवा उरत नाही. जुन्या माणसांच्या अंगात पूर्वी रुईभरली बंडी असायची, दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस घालून टाके मारलेली. कोरड्या थंडीत तिच्यासारखी ऊब नाही, असं दुकानदार म्हणाला. "पण दवात बसाचं असंल तं नको. ओली झाली का गोळा होते, मंग दोन दिस वाळत नाई." कपाशीच्या मुलखातल्या माणसाने कापसाची उणी बाजू इतक्या सरळपणे सांगावी, याचा मला आदर वाटला. सुताचा धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो. आतली हवा जाऊन तिथे पाणी आलं की ते शरीरातली उष्णता बाहेर नेऊ लागतं. माझ्या पाठीवरची रेघ याच कारणाने गार पडली होती. दोष थंडीचा नव्हता, माझ्या सुती बनियनचा होता.

लोकरीचं वेगळं आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा तंतूंच्या आत सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना थोडी उष्णता सोडते. मचाणावर पहाटे दव उतरतं तेव्हा हे थोडंसुद्धा पुष्कळ होतं. काकाजींची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, जाडीभरडी, काळी, विणताना चिंचोक्याची खळ दिलेली. तिच्यावर दवाचे थेंब वरच्या वर बसले होते. हात फिरवला की झटकले जात. मात्र दख्खनी लोकर अंगाला टोचते, म्हणून ती पांघरायची, अंगात घालायची नाही. मधल्या थरासाठी मऊ लोकर हवी आणि ती आपल्याकडे येते लुधियानाच्या स्वेटरांतून, किंवा हिवाळ्यात शहराशहरांत दुकानं मांडणाऱ्या तिबेटी बायकांकडून.

मचाणावर रात्र पुढे सरकत होती. शेताच्या कडेने जुन्या साड्या बांधल्या होत्या, रानडुकरांना बिचकवायला. चांदण्यात त्या मंद हलायच्या. पलीकडच्या वावरात कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनचा टिक्‌ टिक्‌ आवाज येत होता. काकाजींनी सांगितलं, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आला तर एका रात्रीत अर्धा एकर हरभरा खुडून जातो, आणि डुक्कर खातं त्याहून जास्त उकरून टाकतं. काळवीट दिवसा येतात, कोवळे शेंडे खातात. "जनावराले बी पोट हाये," ते म्हणाले, "पण आमी कर्ज काढून पेरतो न भाऊ." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. नोव्हेंबरपासून हरभरा घरी येईपर्यंत हा माणूस जवळजवळ रोज रात्री इथे झोपतो, आणि दिवसा पुन्हा शेतात असतो. शहरात बसून वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने ही थंडी हे लोक सोसतात. नुकसानभरपाईचा पंचनामा होतो, पण जागलीचे पैसे कुणी मोजत नाही.

दीडच्या सुमारास काकाजींनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी मान वळवली आणि माझं नायलॉनचं जर्किन करकरलं. तेवढ्या आवाजाने तुरीच्या ओळीत काहीतरी जड थबकलं, फुरफुरलं आणि परत फिरलं. शेत वाचलं, म्हणून काकाजी खूश झाले. मला मात्र कळलं की जनावर बघायला आलो असतो तर मी ते घालवलं होतं. रानडुकराची नजर अधू, पण कान आणि नाक फार तिखट. लोकर आवाज करत नाही. फ्लीसही करत नाही. आवाज करतं ते बाहेरचं चकचकीत कापड.

पहाटे तीनला आम्ही खाली उतरून शेकोटी केली. पऱ्हाट्या भराभर पेटतात आणि तडतडून ठिणग्या उडवतात. त्यातल्या तीन, जर्किन काढून ठेवलेलं असल्याने, माझ्या फ्लीसच्या जाकिटावर पडल्या. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. 1970च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या माल्डेन मिल्सने ते बाजारात आणलं आणि डोंगर चढणाऱ्यांचं जग बदललं, कारण हे कापड पाणी जवळजवळ पीतच नाही, हलकं असतं आणि पिळून घातलं तरी ऊब देतं. पावसाळी सह्याद्रीत मी अजूनही तेच घालीन. पण पॉलिएस्टर 250 अंशांच्या पुढे वितळतं. छातीवर तीन कडक, काळ्या कडांची भोकं पडली. काकाजींच्या घोंगडीवरही ठिणगी पडली होती. लोकर वितळत नाही, ती जागच्या जागी करपून विझली. त्यांनी नखाने राख उडवली.

सकाळी उजाडता उजाडता मी सोहोळच्या माळावर होतो. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं आहे. त्यात दाट जंगल नाही. बोरी-बाभळींची झुडपं, मुरमाड चढउतार आणि गवत. ज्यांना जंगल म्हणजे सागवान वाटतं त्यांना इथे काहीच दिसत नाही. मला माळरान फार आवडतं, कारण इथे लपायला आडोसा नसतो. माणूस आणि जनावर दोघांनाही एकमेकांसमोर उघडं राहावं लागतं. काळवीट नाकाकानापेक्षा डोळ्यांवर आणि पायांवर विसंबतं. म्हणून इथे आवाजापेक्षा हालचाल आणि रंग महत्त्वाचे. या जातीच्या जनावरांना तांबडा-नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा ठळक दिसतो. माझं जाकीट निळं होतं. ते काढून पिशवीत घातलं आणि थंडीत कुडकुडत उभा राहिलो. मोबाइल तापमान 10 अंश दाखवत होता.

बरोबर एक वयस्क पारधी बाबा होते. त्यांच्या समाजाशी माझी ओळख कारंज्यातल्या कामामुळेच आधी वाचनातून झाली होती. इथल्या 'संवेदना' संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे यांनी, फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळरानं आणि तणमोर वाचवण्याचं काम उभं केलं. तणमोर हा गवतात राहणारा, जगात अगदी थोडा उरलेला पक्षी, आणि तो कुठे आहे हे पारध्यांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्या आजोबांना 1871च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि 1952 साली तो कायदा गेल्यावरही पोलिसांनी सोडलं नाही, त्याच लोकांच्या डोळ्यांवर आता पक्ष्यांच्या नोंदी उभ्या राहतात. मला हे माझ्या काळातल्या फार चांगल्या घटनांपैकी एक वाटतं.

बाबांच्या अंगावर मळकट मातकट रंगाचा सुती सदरा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बस्स. कानाला पंचा. मला वाटलं, सवय असेल. तासाभराने ऊन थोडं वर आल्यावर त्यांनी वरची तीन बटणं सोडली आणि आतून हिरवट स्वेटर दिसला, बिनबाह्यांचा, लोकरीचा, कडांना रफू केलेला. स्वेटर सदऱ्याच्या आत होता.

"आत काऊन घातला बाबा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. वाकून माझ्या विजारीकडे बोट दाखवलं. गुडघ्यापर्यंत कुसळं रुतली होती. या माळावर पवन्या आणि मारवेलच्या जोडीला कुसळी गवत फार. डिसेंबरात त्याचं बी सुकून सुईसारखं होतं, मागे पिळदार शेपूट असतं. दव लागलं की ते शेपूट फिरतं आणि टोक आत शिरतं. बी जमिनीत पेरण्याची ती गवताची युक्ती, पण त्याला माती आणि लोकर यांतला फरक कळत नाही. विणलेल्या स्वेटरात किंवा फ्लीसमध्ये ते घुसलं की मोडतं, निघत नाही. घट्ट विणीच्या सदऱ्याला मात्र वरवर अडकतं. "सुटर वरती घातला तं घरी जाऊन बायको वापस पाठवते," बाबा म्हणाले आणि हसले.

मी तिथेच, माळावर, शर्ट काढला. पिशवीत माझ्या आईने विणलेला अर्ध्या बाह्यांचा जुना करडा स्वेटर होता. तो रात्री मी फ्लीसच्या भरवशावर बाहेर काढलाच नव्हता. ओली बनियान काढून टाकली, लोकर थेट अंगाला लावली, वर शर्ट चढवला आणि गळ्याशी बटण लावलं. पाच मिनिटांत फरक कळला. विणीच्या भोकांतून जाणारा वारा शर्टाने अडवला होता. शर्ट थोडा सैल असल्याने त्याच्या आणि स्वेटरच्या मध्ये हवेचा आणखी एक पदर तयार झाला होता. बाबांसारखा बिनबाह्यांचा स्वेटर ही खरं तर बरोबर निवड आहे हेही तेव्हाच पटलं: ऊब हवी धडाला. छाती-पोट गरम राहिलं की रक्त हातापर्यंत पोचतं. हात मोकळे राहतात, काखेत घाम साचत नाही. फासे लावणाऱ्या माणसाला बोटं चालती लागतात. दुर्बिणीवर बोट फिरवणाऱ्यालाही.

नंतर आठवलं, 1924 साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या कपड्यांचे थर असेच होते. आत रेशीम, सूत आणि लोकर, आणि सर्वांवर घट्ट विणीचं गॅबर्डिन. 1999 साली त्याचा देह सापडल्यावर तशाच कपड्यांची प्रतिकृती करून पाहिली, तेव्हा ते वाटलं होतं त्याहून बरेच उबदार निघाले. पारधी बाबांना मॅलरी माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघांपुढे वारा होता आणि दोघांना चालून मग थांबायचं होतं.

माळाच्या पलीकडच्या कडेला काळवीट उभं होतं. नर, पिळदार शिंगांचा, पाठ काळी, पोट पांढरं. त्याच्या आसपास सात-आठ माद्या आणि एक शिंगं फुटू लागलेलं पोर. बाबा खाली बसले; मीही बसलो. त्यांच्या बसण्यात काही वेगळं होतं. ते बसले आणि तिथलेच झाले. खांदे सैल, हात मांडीत, डोळे अर्धे मिटलेले. गायीच्या आडून हरणापाशी पोचणाऱ्या गाय-पारध्यांबद्दल मी वाचलं होतं. बाबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गाय कायले लागते? माणसानं हालू नये. हिव वाजलं का माणूस हालते. हाललं का गेलं."

त्या एका वाक्यासाठी मी एवढा प्रवास केला होता, असं मला वाटतं. कपड्यांच्या दुकानात ऊब किती अंशांपर्यंत पुरते ते सांगतात. ती किती वेळ न हलता बसू देते, हे कुणी सांगत नाही. कुडकुडणं ही अंगाने स्वतःच केलेली हालचाल आहे, आणि ती दोनशे मीटरवरून काळविटाला दिसते. आम्ही पाऊण तास बसलो. नर चरत चरत आमच्याकडे वळला, साठ-सत्तर पावलांवर थांबला, डोळ्याखालची ग्रंथी एका काटकीला घासली आणि तसाच पुढे गेला. माद्या त्याच्या मागून. पोर क्षणभर आमच्याकडे बघत उभं राहिलं.

साडेनऊला ऊन तापलं. वऱ्हाडातला हिवाळा असा आहे की पहाटे कुडकुडायचं आणि दुपारी सावली शोधायची, त्यामुळे इथे मधला थर चटकन निघणारा हवा. बाबांचा स्वेटर समोरून उघडणारा होता, मोठ्या बटणांचा. माझा डोक्यातून काढायचा. पुढच्या वेळी आईच्या स्वेटरला मध्ये चीर देऊन बटणपट्टी लावून घ्यावी का, हा विचार मी बराच वेळ केला आणि सोडून दिला. तिच्या हातचा टाका मला उसवायचा नाही.

काकाजींच्या घरी परत आलो तेव्हा काकूंनी ओसरीवर चहा आणि कण्या दिल्या. माझी विजार बघून त्या सुई घेऊन आल्या. कुसळ ओढायचं नसतं, उलट्या बाजूने टोक पुढे ढकलून काढायचं असतं, हे त्यांनी शिकवलं. आम्ही तिघं ओसरीत बसून कुसळं काढत होतो. काकाजींचे डोळे झोपेने जड झाले होते, तरी ते उठले नाहीत. संध्याकाळी त्यांना पुन्हा जायचं होतं. जाताना मी फ्लीसचं जाकीट त्यांच्या मुलासाठी ठेवलं. भोकं पडलेली होती, पण गाडी चालवताना वरून रेनकोट घातला तर चालेल, असं तो म्हणाला. काकाजींनी ते उचलून हातात तोललं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "हलकं हाये बापा. पण शेकोटीपाशी नको नेऊ."

एसटीत खिडकीची काच या वेळीही बंद होत नव्हती. मी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. मूर्तिजापूर येईपर्यंत बाहीत राहिलेली तीन कुसळं काढून झाली होती.